तुमचे प्रश्न : गाडीत कोणाला बसवायचं?

मागच्या अंकात टांझानियातल्या कोंदोआ भागातल्या दवाखान्याबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी दवाखान्याबद्दल नाहीतच, रस्त्याबद्दल आहेत. त्यात नवल नाही. मी सुईणकाम शिकलेली परिचारिका, आमचे हे आधी फिटर आणि मग पाळक. पण तिथला आमचा निम्मा वेळ गेला तो गाडीत, गाडीखाली, नाहीतर गाडीची वाट बघत. म्हणून या खेपेला फक्त रस्त्याचे प्रश्न घेते.

प्रश्न : आम्ही दोघं पुढच्या वर्षी मध्य टांझानियात सेवेसाठी जातोय. मंडळी नवीकोरी गाडी घेण्यासाठी निधी जमवते आहे. कोणती घ्यावी? (एक तरुण जोडपं, नेवासे)

पोरांनो, आधी नेवाशात बसून गाडी ठरवू नका. तिथे पोचा, ज्या मंडळीसोबत काम करणार तिच्या गॅरेजात जा आणि तिथल्या मिस्तरीला विचारा, की कोणत्या गाडीचे पाटे, बेअरिंग आणि क्लचप्लेट तुला चार दिवसांत मिळतात. तो सांगेल ती गाडी घ्या. बहुतेक तो जुन्या ठोकळ्याच्या लँड क्रूझरचंच नाव घेईल. सत्तर मालिकेतली, 4.2 लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असलेली. बाकी दिसायला रुबाब नाही, आत बसलं की हाडं खिळखिळी होतात, पण झाडाखाली ताडपत्री अंथरून उघडता येते. संगणकावर चालणारी गाडी माळावर बंद पडली, तर तिच्यासमोर प्रार्थनाच करावी लागते. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर मिळतात आणि तुमचा हातही लगेच बसेल.

वाचलेल्या पैशांतून दोन स्टेपन्या, हवा भरायचा पंप, फावडं, कोयता, टोचनाचा चांगला दोर आणि एक जाड लाकडी फळी घ्या. फळी कशाला, असं सगळे विचारतात. वाळूत जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. म्हणून फळी. डिझेल पिंपातून घ्याल तेव्हा कापडातून गाळून घ्या, तळाला पाणी असतंच.

आता रस्ता. किनाऱ्यावरच्या दार-एस-सलामपासून राजधानी दोदोमापर्यंत 2024 पासून विजेवरची नवी रेल्वे झाली आहे, दोदोमाहून कोंदोआमार्गे बाबातीपर्यंत डांबर आहे. हे वाचून कुणी म्हणेल, मग अडचण काय? अडचण डांबर सोडून उजवी-डावीकडे वळलात की सुरू होते, आणि काम तर तिकडेच असतं. दोदोम्याचा पाऊस आपल्या नगरइतकाच, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो पडतो डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, आणि पडतो तेव्हा धसमुसळा. नद्या वर्षातले बहुतेक महिने कोरड्या, नुसती वाळू. ती वाळू ओलांडायची तर चाकातली हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवा, लो गिअर टाका आणि मधे ब्रेक मारू नका, गिअरही बदलू नका. पलीकडे गेल्यावर हवा पुन्हा भरायचा कंटाळा करू नका, नाहीतर पुढच्या दगडांवर टायर फाटतो.

याच नदीला वरच्या डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर कडक ऊन असताना लोंढा येतो. पाणी दिसलं की कुणीतरी चालत जाऊन खोली बघायची. गुडघ्याच्या वर असेल तर गाडी घालायची नाही. काठावर बसायचं. वाळूची नदी जशी येते तशी ओसरते, काही तासांत. ट्रकवाले घालतात म्हणून आपण घालायची नाही. त्यांची चाकं बघा आणि आपली बघा.

काळी माती तुम्ही ओळखताच. सखल माळांवर ती तिथेही आहे, आपल्या काळ्या रानासारखीच पावसात चाकाला लोंदे धरणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर भिजल्या दिवशी जायचं नाही, एवढाच इलाज. इंग्रज सरकारने 1947 साली याच दोदोमा भागातल्या कोंग्वा इथे भुईमुगाची अवाढव्य योजना काढली होती. ट्रॅक्टर आणले, लष्करातले जुने रणगाडे बदलून नांगराला जुंपले, आणि ती जमीन व तो पाऊस यांनी चार वर्षांत सगळं गुंडाळायला लावलं. कोट्यवधी पौंड मातीत. तेव्हा तुमच्या एका गाडीने त्या मातीशी पैज लावू नये.

राहिला मुरमाचा रस्ता, पन्हाळी पत्र्यासारखा सरळ लाटा पडलेला. हळू गेलं तर दात वाजतात, साठ-सत्तरने गेलं तर चाकं लाटांच्या माथ्यावरून जातात आणि बरं वाटतं. पण तेव्हा चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं असतं, वळणावर गाडी तुमची राहत नाही. दर मुक्कामाला नटबोल्ट आवळा. बॅटरीचा क्लॅम्प आधी बघा, तोच आधी सुटतो.

आणि एक. मला स्वतःला भीती वाटायची ती डांबराची. खराब रस्ता माणसाला हळू ठेवतो.

प्रश्न : विचारायला लाज वाटते, पण दिवसभराच्या प्रवासात बायकांनी काय करायचं? (एक भगिनी, वसई)

लाजू नका, सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. सोबत दोन कांगा ठेवा. बाजारात जोडीनेच मिळतात ती छापील सुती कापडं. दोन जणींनी धरलं की आडोसा झाला. तेच कापड अंगावर घ्यायला, लेकरू पाठीला बांधायला, रुग्णाखाली अंथरायला. फक्त झुडपात शिरण्याआधी काठीने आपटून घ्या. आणि जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्या उन्हात त्याने जास्त बायका आजारी पडलेल्या मी पाहिल्यात.

प्रश्न : आमच्या मिशनचा नियम आहे की गाडीत बाहेरच्या कोणालाही घ्यायचं नाही. विम्याचं कारण देतात. पण हात करणाऱ्या बाईला मागे टाकून गेलो की रविवारी उपदेश करताना जीभ अडखळते. काय करावं? (एक पाळक, मूळ गाव जालन्याजवळ, सध्या टांझानियात)

पाळकसाहेब, पत्रांमधला खरा प्रश्न हा एकच. गाडीची निवड, वाळू, चिखल हे सगळं वर्षभरात अंगवळणी पडतं. गाडीत कोण बसणार हे मात्र रोज सकाळी नव्याने समोर येतं. चाळीस किलोमीटरच्या परिघात चालू स्थितीतलं चारचाकी वाहन तुमचं एकच असतं. त्यामुळे ती गाडी मिशनची आहे हे फक्त कागदोपत्री. गावाच्या हिशेबात ती रुग्णवाहिका, शववाहिका, टपाल आणि बाजाराची गाडी आहे, आणि तुम्ही तिचे चालक.

नियम वाईट नाही, हे आधी मान्य करा. उलटली गाडी आणि मागच्या फळीवर बसलेला कुणाचा कर्ता मुलगा गेला, तर त्या घराला विमा काही देणार नाही आणि तुमची मंडळीही देऊ शकणार नाही. म्हणून नियम गुपचूप मोडू नका. कार्यालयात जाऊन बसा आणि अपवाद लेखी घ्या. आम्ही तीन मागितले होते: दवाखान्याची चिठ्ठी असलेला रुग्ण आणि सोबत एक माणूस, अडलेली बाळंतीण, आणि इस्पितळातून घरी न्यायचा मृतदेह. थोडी खळखळ झाली, पण मिळाले. तो कागद गाडीच्या कप्प्यात असायचा. अडलेल्या बाईसाठी मी कागदाची वाट पाहिली असती असं नाही, पण चालकाला त्याचा आधार होतो. त्याची नोकरी असते बिचाऱ्याची.

दुसरं, कोणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवू नका. तुम्ही परके. तुम्हाला हसऱ्या चेहऱ्याची माणसं, स्वाहिली सावकाश बोलणारी, चर्चला येणारी माणसं आधी दिसणार. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी गावच्या उपदवाखान्याची नर्स आणि गावचा अध्यक्ष मिळून नावं सांगायचे. अध्यक्ष मुसलमान, तसं कोंदोआकडे बहुसंख्य लोक मुसलमानच. सुरुवातीला आमच्या मंडळीतल्या काहींना ते रुचलं नाही. मिशनची गाडी आणि यादी त्यांची? आमच्या वयस्क चालकाने, तिथे वडीलधाऱ्याला म्झे म्हणतात, त्या म्झेंनी एका वाक्यात मिटवलं: रक्तस्राव कुणाचा आहे हे सीटला कळत नाही.

बाळंतिणीची तयारी गाडीतच ठेवा. स्वच्छ ब्लेड, नाळ बांधायच्या चिमट्या, हातमोजे, दोन कांगा, बॅटरी, सलाईन. बाईला डाव्या कुशीवर निजवा आणि डोकं चालकाच्या पाठीमागे येईल असं, म्हणजे नर्सला पायांकडे बसता येतं. चालकाला सांगा, घाई माझी आहे, तुझी नाही. एकदा पावसाळ्यात अशाच एकीला घेऊन निघालो तर मधल्या ओढ्याला लोंढा. तिचे वडील गावच्या मशिदीतले शिक्षक, सोबत आलेले. म्झेंनी काठीने खोली बघितली आणि किल्ली काढून खिशात टाकली. वडील काही बोलले नाहीत. उतरले, ओली लाकडं गोळा करून आमच्या ह्यांच्या मदतीने जाळ केला, चहा ठेवला. गाडीच्या मागच्या दारात, कांग्याच्या आडोशाने आणि दोन बॅटऱ्यांच्या उजेडात मुलगी झाली. पाणी उतरलं तेव्हा पुढे इस्पितळात जायची गरज उरली नव्हती, पण वार नीट पडली की नाही ते तपासून घ्यायला गेलोच. कार्यालयाने नंतर गाडीला उशीर का झाला याचा खुलासा मागितला. ह्यांनी लिहिलं, "नदीला पाणी होतं." एवढंच, आणि ते खोटंही नव्हतं.

मृतदेह नेताना लोक चाचरतात. तुम्ही चाचरू नका. शहरातल्या इस्पितळात माणूस गेला की त्याला गावी आणायला भाड्याची गाडी करावी लागते, त्यात घरची गाय विकली जाते. रिकामी परतणारी मिशनची गाडी तेव्हा जे काम करते ते तुमच्या दहा प्रवचनांनी होणार नाही. मात्र इस्पितळाचा कागद घ्या, चौकीवर विचारतात. मागे बसलेल्या बायका सगळी वाट गात येतात. तुमचं डोकं दुखेल. दुखू द्या.

आता काय घ्यायचं नाही. कोळशाची पोती अजिबात नाहीत. लोणारी कोळशाला वनखात्याचा परवाना लागतो आणि नाक्यावर पोतं सापडलं की चालक अडकतो, पोतं टाकणारा आधीच उतरून गेलेला असतो. रानातलं मांस तर स्वप्नातही नाही, बोचक्यात काय आहे ते उघडून बघा, राग आला तरी. निवडणुकीच्या दिवसांत पक्षाचे कपडे घातलेल्यांना नाही, कोणत्याही पक्षाचे असोत. टपावर कुणी नाही. आणि भाडं घ्यायचं नाही. पन्नास शिलिंगही नाही. एकदा पैसे घेतले की ती प्रवासी गाडी झाली, कायद्यानेही आणि लोकांच्या मनातही. कुणी उतरताना कोंबडी दिली तर ती घ्यावी. ती भाडं नसते, आणि नाकारली तर माणूस दुखावतो. पाय बांधून सीटखाली ठेवा, ती मागच्यांच्या पायांना चोचते, पण चालतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: गाडीत बसलेल्याला उपदेश करू नका. काहींना वाटतं, दोन तास आहेत, माणूस समोर आहे, संधी आहे. जो उतरून जाऊ शकत नाही त्याला शुभवर्तमान ऐकवणं मला कधीच बरोबर वाटलं नाही. त्याने विचारलं तर सांगा. नाहीतर पिकाचं, पावसाचं, लेकराबाळांचं बोला. आमच्या सोबतच्या एका उत्साही तरुणाला हे पटेना, तो गाडी सुटली की गीत सुरू करायचा. म्झे लगेच गाडी थांबवून टायर बघायला उतरायचे. टायर नेहमी ठीकच असायचा. पोराला महिनाभराने उमजलं.

आणि मागे टाकलेल्या बाईबद्दल. तुमची जीभ अडखळते ती जागा नव्हती म्हणून नाही, न थांबता गेलात म्हणून. गाडी भरलेली असली तरी थांबा. काच खाली करा, घरचे कसे आहेत, शेत कसं आहे, सगळं रीतीने विचारा. तिथे नमस्कार अर्ध्यात तोडत नाहीत. मग सांगा, आज जागा नाही. तिला मागची गच्च भरलेली गाडी दिसतेच. तिची चिठ्ठी न्या, मुलाच्या शाळेची फी न्या, निरोप न्या. आणि पायी चालणारं कुणीही दिसलं की वेग पार कमी करा, मेच्या पुढच्या कोरड्या महिन्यांत तर नक्कीच. डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चाललेल्या बाईवर तुम्ही धुळीचा लोट उडवता, ते पाणी तिने तासभर चालून आणलेलं असतं. रविवारी पुढच्या बाकावर तीच बसते.

प्रश्न : आपल्या भागातून पूर्वी कुणी आफ्रिकेत सेवेला गेलं होतं का? (एक वाचक, नाशिक)

तुमच्याच गावातून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवली, शिकवली, सुतारकाम-लोहारकामही शिकवलं. जन्माने ती आफ्रिकेची, वाढली गोदावरीकाठी. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे त्यांतले दोघे 1864 मध्ये आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईला परत गेले आणि तिथल्या मंडळीचा कणा झाले. पुढे 1875 मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. तिथेही नाशिकची माणसं होती.

जेकब वेनराइट हे नाव मात्र लक्षात ठेवा. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात वारले, तेव्हा शरणपूरला शिकलेला हा तरुण तिथे होता. प्रेतविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव-तारीख त्याने कोरली. मग लिव्हिंग्स्टनचे आफ्रिकी सोबती चुमा, सुसी आणि इतरांसोबत ते शव खांद्यावरून पंधराशे किलोमीटरच्या वर चालत नेलं, ताबोऱ्यावरून, बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत. पोचायला फेब्रुवारी 1874 उजाडला. तो चुमासुद्धा मुंबईत राहिलेला, बाप्तिस्माही त्याने मुंबईतच घेतलेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. रस्ते खराब आहेत म्हणून मला पत्र लिहिणाऱ्यांनी हे जरा मनात धरावं.

रस्ता असा नव्हताच तेव्हा. अलेक्झांडर मॅके नावाच्या स्कॉटिश इंजिनिअर मिशनऱ्याने 1877 मध्ये किनाऱ्यावरच्या सादानीपासून आत म्प्वाप्वापर्यंत सुमारे 230 मैलांची वाट झाडं तोडून काढली, बैलगाड्यांसाठी. पण चावून जनावरांना जीवघेणा रोग देणाऱ्या त्से-त्से माशीपुढे त्या काळात बैल टिकत नसत. शेवटी ओझी माणसांच्याच डोक्यावर आली.

प्रश्न : माझी मुलगी तिकडे परिचारिका आहे. लसीकरणाला मोटारसायकलवर मागे बसून खेड्यांत जाते. विचारलं की "सगळं ठीक आहे" म्हणते. खरंच ठीक असतं का? (एक आई, सोलापूर)

ताई, खोटा धीर देत नाही. साप-सिंहांची काळजी करू नका, तिला सगळ्यात मोठा धोका मोटारसायकलचाच आहे. पण त्यातला बराचसा टाळता येतो, आणि ते तुम्ही तिच्याकडून वदवून घेऊ शकता.

हेल्मेट तिचं स्वतःचं हवं, चालकाकडचं उसनं नको. चालक रोज तोच हवा, ओळखीचा, दारू न पिणारा. तिकडे बजाज बॉक्सर सर्रास दिसते, म्हणजे गाडी आपल्या पुण्याच्या कंपनीचीच, सुटे भाग मिळतात. मागे ती एकटीच बसावी. तिघं बसायची पद्धत आहे तिकडे, तिने नको म्हणावं. डावीकडून चढावं-उतरावं, कारण सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पोटरी भाजलेल्या नर्सा मी पाहिल्यात. ओढणी किंवा कांगा चाकाकडे लोंबू नये, हे तुम्ही इथून सांगितलंत तरी ऐकेल. लसीचा डबा पाठीला न अडकवता गाडीला घट्ट बांधावा, पडलं तर पाठीचा कणा वाचतो. आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम, मग मागे दहा लेकरं लसीविना राहिली तरी. ती परवा येतील.

तिला गडद निळा स्वेटर विणून पाठवायचा विचार असेल तर रंग बदला. त्से-त्से माशीला निळा आणि काळा रंग ओढतो, तिला पकडायचे सापळे त्याच रंगाच्या कापडाचे करतात. खाकी, बदामी चालेल.

राहिलं तिचं "सगळं ठीक आहे". तिकडे खेड्यात फोनला रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते, तिथे उभं राहून कुणी आईला सविस्तर सांगत नाही. तिच्याशी एवढंच ठरवा, की निघताना आणि पोचल्यावर एक-एक शब्द पाठवायचा. पोचल्याचा शब्द रात्री आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा. नदी अडवते, पंक्चर होतं, बॅटरी उतरते. दुपारनंतर फोन करायचा तो मुलीला नको, तिच्या दवाखान्याच्या मेट्रनला किंवा तिथल्या पाळकाच्या घरी. ते दोन्ही नंबर आजच मागून घ्या, आणि कागदावर लिहून भिंतीला लावा, मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही.